कडेच्या नजरेचा मेंदूतला नकाशा

नागपुरात विधानभवनाजवळच्या झिरो माइलच्या खांबासमोर पदपथावर नीट उभे राहून खांबाच्या टोकावर नजर खिळवली आणि अर्धा मिनिट ती अजिबात हलू दिली नाही, तर एरवी कधीच न जाणवणारी एक गोष्ट लक्षात येते. खांब स्पष्ट दिसतो, पण शेजारचे घोड्यांचे पुतळे तिथे आहेत एवढेच कळते. त्यांच्या पायांची ठेवण सांगता येत नाही. डावीकडून येणारी ‘आपली बस’ ही शहरबस दिसते, तिचा वेग समजतो, रंगही बहुधा ओळखू येतो, मात्र तिच्या कपाळावरची पाटी वाचता येत नाही. पाटी वाचायची म्हणजे डोळा तिकडे वळवावाच लागतो, आणि तो वळला की इतका वेळ स्पष्ट असलेला खांब लगेच पुसट होतो. आपण दर सेकंदाला साधारण तीन वेळा नजर हलवतो, म्हणून हा पुसटपणा आपल्याला कधी खुपत नाही आणि सगळेच दृश्य सारख्या स्वच्छतेने दिसत असल्याचा समज कायम राहतो.

या दृश्याचे मोजमाप अंशांत करतात. हात पूर्ण लांब करून अंगठा उभा धरला, तर त्याची रुंदी डोळ्यापाशी साधारण २ अंशांचा कोन करते, आणि बारीक अक्षरे वाचण्याइतकी तीक्ष्ण नजर जेमतेम तेवढ्याच क्षेत्रात असते. एका डोळ्याला नाकाच्या बाजूने सुमारे ६० अंश, कानाच्या बाजूने १०० अंशांच्या आसपास, वर ६० आणि खाली ७० ते ७५ अंशांपर्यंत दिसते. दोन्ही डोळे मिळून आडवा पसारा सुमारे २०० अंशांचा होतो, म्हणजे डोळ्यांच्या रेषेच्या किंचित मागचेही आपल्याला दिसते. अंगठ्याएवढा तुकडा सोडला तर हा बाकीचा सगळा पसारा कमीअधिक प्रमाणात कडेच्या नजरेचा आहे. या लेखाचा विषय आहे त्या पसाऱ्याचा मेंदूत कसा नकाशा तयार होतो आणि तो बाहेरून, कवटीला धक्का न लावता, कसा वाचला जातो, हा.

सुरुवात डोळ्यातूनच करावी लागते. दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या असतात. रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी साधारण ५० ते ६० लाख, तर अंधुक प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशी ९ ते १२ कोटी. शंकुपेशींची दाटी दृष्टिपटलाच्या मध्यावरच्या फोव्हिया नावाच्या खळग्यात सर्वांत जास्त असते आणि तिथल्या अगदी मधल्या ठिपक्यात दंडपेशी नसतातच. इतक्या सगळ्या पेशींची खबर मेंदूकडे नेणाऱ्या डोळ्याच्या नसेत मात्र तंतू आहेत सुमारे १० ते १२ लाख. त्यामुळे काटकसर अटळ होते, आणि ती सगळीकडे सारखी केली जात नाही. मध्यभागी एकेका शंकुपेशीला जणू स्वतःची टेलिफोन लाइन मिळते, तर कडेला आख्ख्या वस्तीत मिळून एकच एसटीडी-पीसीओ असावा तशी स्थिती असते. वस्तीत काहीतरी घडले हे मेंदूला कळते, पण नेमके कोणत्या घरात घडले ते कळत नाही.

दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी एकत्र येतात. तिथे नाकाकडच्या अर्ध्या दृष्टिपटलाचे तंतू बाजू बदलतात आणि कानाकडच्या अर्ध्याचे सरळ पुढे जातात. डोळ्यातील प्रतिमा उलटी असल्यामुळे या अदलाबदलीचा परिणाम असा होतो की, नजरेच्या डाव्या बाजूचे सगळे जग, मग ते कोणत्याही डोळ्याने पाहिलेले असो, मेंदूच्या उजव्या अर्ध्यात पोचते आणि उजव्या बाजूचे डाव्या अर्ध्यात. वाटेत, मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमस या भागातील एका छोट्या केंद्रावर थांबून ही माहिती मेंदूच्या अगदी मागच्या भागात, कॅल्केराइन नावाच्या आडव्या खाचेच्या दोन्ही काठांवर उतरते. दृष्टीचे हे पहिले ठाणे व्ही-१ या नावाने ओळखले जाते. नजरेचा मध्य तिथे सर्वांत मागे, डोक्याच्या मागच्या टोकाशी असतो. कडेकडे जावे तसे स्थान खाचेतून पुढे आणि खोल सरकत जाते. दृश्याचा वरचा भाग खाचेच्या खालच्या काठावर आणि खालचा भाग वरच्या काठावर असतो.

हा नकाशा किती चमत्कारिक आहे ते समजण्यासाठी नागपूरचाच दाखला घेऊ. समजा, एखाद्याने शहराचा असा नकाशा काढला की ज्यात व्हरायटी चौक आणि त्याच्या आजूबाजूची चार दुकाने यांनीच निम्मा कागद व्यापला. मग महाल, इतवारी, धरमपेठ उरलेल्या कागदात आटोपशीर बसवले. आणि शहराबाहेरची कामठी, हिंगणा, कोराडी, बुटीबोरी ही सगळी कडेच्या बोटभर पट्टीत कोंबली. एवढे करून कागद मधोमध फाडला, पूर्वेकडचा तुकडा पश्चिमेकडच्या घरात आणि पश्चिमेकडचा पूर्वेकडच्या घरात ठेवला, आणि दोन्ही तुकडे वरचे टोक खाली करून टांगले. इतकी मोडतोड होऊनही एक नियम त्याने काटेकोर पाळला: खऱ्या शहरात जे मोहल्ले एकमेकांना लागून आहेत, ते प्रत्येक तुकड्यावरही एकमेकांना लागूनच राहतील. व्ही-१ मधील नकाशा नेमका असा आहे. दृष्टिपटलावरची शेजारसोबत त्यात टिकते, अंतरे मात्र टिकत नाहीत.

या नकाशाचा पहिला मोठा पुरावा युद्धाने पुरवला. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात रशियन सैन्याच्या नव्या रायफलींच्या गोळ्या लहान आणि अतिशय वेगवान होत्या. कवटी फोडून चक्काचूर करण्याऐवजी त्या अनेकदा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर पडत आणि सैनिक वाचत. त्यांपैकी ज्यांच्या दृष्टीला इजा झाली होती, त्यांचे किती नुकसान झाले हे निवृत्तिवेतनासाठी ठरवण्याचे काम तात्सुजी इनोउये या तरुण जपानी नेत्रतज्ज्ञाकडे आले. काम सरकारी होते, पण त्याने त्यातून शास्त्र काढले. गोळी कुठून शिरली आणि कुठून निघाली ते कवटीवर मोजण्यासाठी त्याने स्वतः एक उपकरण तयार केले, त्या दोन बिंदूंमधून जाणारी रेषा मेंदूतील कोणत्या भागाला छेदते याचा हिशेब मांडला आणि त्या सैनिकाला नजरेच्या कोणत्या कोपऱ्यात दिसत नाही याच्याशी तो ताडून पाहिला. २९ सैनिकांच्या अशा नोंदींवर आधारलेला त्याचा ग्रंथ १९०९ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. नजरेच्या मध्याला मेंदूत कडेपेक्षा कितीतरी जास्त जागा मिळते, हे त्यात स्पष्ट मांडलेले होते. पेन्शनच्या फायलींतून निघालेले इतके मोलाचे शास्त्र दुसरे कुठले असेल, तर ते माझ्या तरी वाचनात नाही.

पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स या ब्रिटिश मेंदूतज्ज्ञाने जखमी सैनिकांवरून हेच काम पुढे नेले आणि त्याचा नकाशा पुढे सत्तरएक वर्षे पाठ्यपुस्तकांत प्रमाण मानला गेला. १९९१ साली हॉर्टन आणि हॉइट यांनी एमआरआयच्या चित्रांत मेंदूची इजा पाहून आणि त्याच रुग्णांची नजर मोजून तो दुरुस्त केला, तेव्हा दिसले की होम्सने मध्याला दिलेली जागासुद्धा कमीच होती. नजरेच्या मधल्या १० अंशांनाच व्ही-१ चा निम्म्याहून अधिक भाग मिळतो. त्यांच्या सूत्राप्रमाणे अगदी मध्याशी दृश्यातल्या एका अंशासाठी मेंदूच्या सालीवर दोन सेंटीमीटरहून अधिक लांबी राखलेली असते, १० अंश बाजूला गेले की ती दीड मिलिमीटरच्या आसपास येते आणि ६० अंशांवर एक तृतीयांश मिलिमीटरही उरत नाही. कामठी-हिंगण्याची बोटभर पट्टी ती हीच.

इथवरचे ज्ञान दुखापतींतून मिळालेले होते. धडधाकट माणसाचा नकाशा पाहता येऊ लागला तो फंक्शनल एमआरआय या तंत्रामुळे. रक्तातील हिमोग्लोबिनजवळ प्राणवायू असताना आणि नसताना त्याचे चुंबकीय गुणधर्म वेगळे असतात. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे ताज्या रक्ताचा पुरवठा गरजेपेक्षाही जास्त वाढतो, आणि त्यामुळे होणारा सूक्ष्म चुंबकीय फरक यंत्राला टिपता येतो. हे तत्त्व सेइजी ओगावा यांनी १९९० साली प्राण्यांवर दाखवले आणि दोनच वर्षांत माणसांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. हे यंत्र पेशींचे बोलणे ऐकत नाही, हे मात्र विसरता कामा नये. दोन-तीन मिलिमीटरच्या एकेका ठोकळ्यातील लाखो पेशींमागून, सुमारे पाच सेकंद उशिरा, धावून आलेले रक्त ते मोजते. वृत्तपत्रांत ‘मेंदूचा अमुक भाग उजळला’ असे वाक्य येते, तेव्हा त्याच्या पोटात एवढा सगळा तपशील असतो.

पाच सेकंदांचा उशीर आणि लाखो पेशींची गर्दी असूनही नकाशा मिळतो कसा? १९९४-९५ च्या सुमारास स्टीफन एंगेल, ब्रायन वँडेल, मार्टिन सेरेनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी जी युक्ती रूढ केली, ती तिच्या साधेपणामुळे आजही वापरात आहे. यंत्राच्या बोगद्यात पडलेल्या माणसाला मधल्या ठिपक्याकडे एकटक पाहायला सांगतात. ठिपक्याभोवती बुद्धिबळाच्या पटासारख्या काळ्या-पांढऱ्या घरांचे, सतत लुकलुकणारे एक कडे दाखवतात आणि तळ्यात खडा टाकल्यावर तरंग पसरावा तसे ते कडे सावकाश बाहेर सरकवतात. बाहेरच्या टोकाला पोचले की ते पुन्हा मध्यापासून सुरू होते. नजरेचा मध्य पाहणारा मेंदूचा ठोकळा प्रत्येक फेरीत आधी प्रतिसाद देतो आणि कडेचा भाग पाहणारा नंतर. म्हणजे कोणता ठोकळा केव्हा जागा झाला यावरून तो नजरेच्या मध्यापासून किती अंशांवरचे पाहतो हे कळते. पाच सेकंदांचा उशीर सगळ्यांना जवळपास सारखाच असल्यामुळे वजा करता येतो. मग कड्याऐवजी घड्याळाच्या काट्यासारखी फिरणारी एक पाचर दाखवतात, आणि तिच्यावरून वर, खाली, डावे, उजवे कळते. अंतर आणि दिशा मिळाली की पत्ता पूर्ण झाला.

यानंतर मेंदूची घडीदार साल संगणकावर फुगा फुगवल्यासारखी गुळगुळीत करतात, कारण खाचेत दडलेले रंग एरवी दिसणारच नाहीत. अशा फुगवलेल्या सालीवर अंतराचे आणि दिशेचे रंग भरले की आणखी एक गोष्ट उघड होते. व्ही-१ च्या काठावर नकाशा संपत नाही, तर आरशात पाहावा तसा उलटा होऊन पुन्हा सुरू होतो. तो उलटलेला नकाशा व्ही-२ चा. पुढे तो पुन्हा पलटतो आणि व्ही-३ सुरू होते. जिथे दिशा पलटते तीच सीमा. पुढे २००८ साली ड्युमुलां आणि वँडेल यांनी याला अधिक नेमके गणित दिले आणि प्रत्येक ठोकळ्याची ‘खिडकी’ केवळ कुठे उघडते एवढेच नव्हे, तर ती केवढी आहे हेही काढण्याची पद्धत मांडली. कडेकडे जावे तशी खिडकी मोठी होते, आणि व्ही-१ कडून पुढच्या ठाण्यांकडे जावे तशीही.

इथे या विषयातली सर्वांत अडचणीची गोष्ट सांगायला हवी. एमआरआय यंत्राचा बोगदा ६० ते ७० सेंटीमीटर रुंद असतो, डोक्याभोवती संकेत टिपणारी पिंजऱ्यासारखी कॉइल असते आणि बोगद्याच्या टोकाशी लावलेला पडदा डोळ्यांवरच्या छोट्या आरशातून पाहावा लागतो. त्या आरशात दिसतो तो दृश्याचा चिमूटभर तुकडा. ७ टेस्ला एवढ्या चुंबकीय ताकदीच्या शक्तिशाली यंत्रावर १८१ जणांचे नकाशे एकत्र करून २०१८ साली प्रसिद्ध झालेला जो संग्रह या क्षेत्रात आधारभूत मानला जातो, त्यातही दाखवलेली चित्रे मध्यापासून फक्त ८ अंशांपर्यंतच पोचत होती. भूमितीने हिशेब केला, तर ८ अंशांचा हा गोल आपल्यासमोरच्या अर्धगोलाच्या जेमतेम १ टक्का भरतो. मध्याला मेंदूत एवढी जागा मिळते म्हणून तो एक टक्काही नकाशाचा मोठा हिस्सा व्यापतो, हे खरे. तरीही उरलेल्या ९९ टक्क्यांविषयी अनेक वर्षे जे बोलले गेले, त्यातले पुष्कळसे मधल्या मोजमापाची रेषा पुढे ओढून काढलेले होते. यात संशोधकांचा आळस नाही, यंत्राची रचना आडवी येते. पण ‘कडेची नजर म्हणजे मधल्या नजरेची फिकट प्रत’ हा जो समज पसरला, त्याला बोगद्याच्या अरुंदपणाचा हातभार लागला असावा, असे मला वाटते.

ज्यांनी पडदा डोळ्यांजवळ आणून दृश्य रुंद केले, त्यांना वेगळ्याच गोष्टी दिसू लागल्या. इटलीतील सबरीना पित्झालिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली अशा रुंद दृश्यांच्या साह्याने माणसातील व्ही-६ हे क्षेत्र नकाशाबद्ध केले. व्ही-१ सारखी मध्याची मिरास तिथे नाही. दूरच्या कडेलाही भरपूर जागा आहे. आपण पुढे जात असताना दृश्य दोन्ही अंगांनी मागे वाहते, त्या प्रवाहाला हे क्षेत्र जोरात प्रतिसाद देते. वर्धा मार्गावरच्या दुमजली पुलाखालून गाडीने जाताना नजर समोरच्या वाहनावर असते, पुलाचे खांब बाजूने मागे पळत असतात, आणि त्या खांबांकडे एकदाही न पाहता आपल्याला आपला वेग कळतो. ते कळणे कडेच्या नजरेवर उभे आहे, आणि तिथे खांबाचे बारकावे दिसून काही उपयोगही नसतो.

त्याहून नवलाचे क्षेत्र म्हणजे प्रोस्ट्रायाटा. कॅल्केराइन खाचेच्या पुढच्या टोकाशी, व्ही-१ चा दूरच्या कडेचा भाग जिथे संपतो तिथेच लागून असलेला हा लहानसा पट्टा माकडांत आधीपासून माहीत होता. माणसातील त्याचे काम २०१७ साली पिसा येथील संशोधकांनी रुंद दृश्ये दाखवून मांडले. दूरच्या कडेला, सेकंदाला ५०० अंशांच्या घरातल्या प्रचंड वेगाने काही सरकले, तर हा भाग प्रतिसाद देतो. पेंचच्या जंगलात जिप्सीत बसून समोरच्या वाटेवर नजर असताना बाजूच्या झुडपातून काही सर्रकन गेले की मान आपोआप वळते. काय गेले ते कळण्याच्या आत वळते. अशा वेळी मेंदूचे कोणकोणते भाग धावपळ करतात याचा पूर्ण आराखडा तयार झालेला नाही, पण दूरच्या कडेची वेगवान हालचाल टिपण्यासाठी खास जागा आहे, एवढे या अभ्यासाने दाखवले.

२०२४ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या गटाने ही मर्यादा आणखी रेटली. त्यांनी कॉइलचा वरचा अर्धा भाग काढून टाकला, दोन आरशांवरून परावर्तित केलेले चित्र थेट बोगद्यात ठेवलेल्या वक्र पडद्यावर पाडले आणि १७५ अंशांपर्यंतचे दृश्य दाखवले. चित्र पोस्टकार्डाएवढे असण्याऐवजी डोळ्यांभोवती पसरले, तेव्हा पहिल्या ठाण्यांत अपेक्षेप्रमाणे पुढचा, कडेचा भागही कामाला लागला. पण मोकळी जागा, खोल्या, रस्ते अशा देखाव्यांना एरवी खास प्रतिसाद देणाऱ्या क्षेत्रांत पोस्टकार्डाच्या तुलनेत फारशी वाढ दिसली नाही. चेहऱ्यांची आवड असणारे क्षेत्र चेहऱ्यांचे आणि देखाव्यांचे क्षेत्र देखाव्यांचे, हा भेदही चित्र अगदी कडेला असताना टिकून राहिला. जितके रुंद दृश्य तितका अधिक प्रतिसाद, हा सरळ अंदाज देखाव्यांच्या क्षेत्रांना लागू पडला नाही.

कडेला अक्षरे का वाचता येत नाहीत याचे उत्तर फक्त पुसटपणात नाही, हेही नोंदवले पाहिजे. सीताबर्डीच्या मेन रोडवर एकावर एक लटकलेल्या दुकानांच्या पाट्यांपैकी एखादे मोठे अक्षर कडेच्या नजरेने एकटे पाहिले तर ओळखू येते, पण आजूबाजूला इतर अक्षरे आली की त्याची खिचडी होते. १९७० साली बौमा या डच संशोधकाने यासाठी दिलेला ढोबळ नियम असा की, अक्षर मध्यापासून जितके अंश दूर, त्याच्या साधारण निम्म्या अंतरात दुसरे काही नसावे. १० अंशांवरच्या अक्षराला ५ अंशांची मोकळी जागा लागते. कडेच्या मोठ्या खिडकीत अनेक अक्षरे एकदम मावतात, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. रंगांचे म्हणाल तर कड रंगांधळी नाही, वस्तू पुरेशी मोठी असेल तर तिथेही रंग ओळखू येतो. पण २०२० च्या एका प्रयोगात आभासी वास्तवाच्या चष्म्यातून दृश्य पाहणाऱ्या अनेकांना कडेचे सगळे रंग हळूच काढून टाकल्याचे कळलेही नाही.

दवाखान्यात या सगळ्याचा संबंध काचबिंदूशी येतो. या आजारात डोळ्याच्या नसेतील तंतू हळूहळू मरतात, आणि मधली नजर साधारणपणे शेवटपर्यंत टिकत असल्यामुळे रुग्णाला वर्तमानपत्र वाचता येते, सुईत दोरा ओवता येतो, मात्र अर्धवट उघड्या दाराची कड खांद्याला लागते. गेलेल्या जागी काळा पडदा दिसत नाही. तिथे काहीच नसते आणि काही नाही याची जाणीवही नसते, म्हणून नजरेच्या क्षेत्राची वेगळी तपासणी करावी लागते. तिचा नेहमीचा प्रकार मधल्या २४ ते ३० अंशांचा असतो. २००७ साली काचबिंदूच्या रुग्णांवर फंक्शनल एमआरआय केला तेव्हा व्ही-१ मधील प्रतिसाद जिथे कमी झाला, ती ठिकाणे या तपासणीतल्या नुकसानीशी जुळली.

रातांधळेपणापासून सुरू होऊन नजर बोगद्यासारखी अरुंद करणाऱ्या रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक आजारात तर दूरची कड जवळजवळ पूर्णच जाते. मग व्ही-१ च्या पुढच्या, रिकाम्या पडलेल्या पट्टीत शेजारचा मधला भाग घुसतो का, हा प्रश्न साहजिक आहे. काही रुग्णांत त्या पट्टीत प्रतिसाद दिसलाही. पण २०१० साली मासुदा आणि सहकाऱ्यांनी बारकाईने पाहिले तेव्हा आढळले की, रुग्ण समोरच्या चित्राविषयी काही ठरवण्याचे काम करत असताना तो प्रतिसाद येतो आणि नुसते पाहत असताना नाहीसा होतो. डोळ्याकडून तिथे काही येत नव्हते. येत होते ते मेंदूच्या वरच्या ठाण्यांकडून परत आलेले, आणि तेही काम चालू असेपर्यंतच.